पहिलबुडे

तासगावात सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आधी येरळाकाठ सहकारी बँकेच्या दारावरच्या पाटीकडे बघतो, मग आभाळाकडे. पाटीवर एकच आकडा असतो, मिनिटामिनिटाला बदलणारा. तो साडेसातच्या आसपास असला की माणूस निवांत घरी जातो. त्या मंगळवारी आकडा पावणेतेरा होता आणि पाटीखाली किटल्या घेऊन पंधरा माणसं खोळंबली होती.

बँकेच्या कार्यकारी संचालक प्रमिला उगारे गाडीतून उतरल्या. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली आणि पुन्हा पाटीकडे बघितलं. तेच त्यांना जास्त लागलं.

ठेवींना विमा असतो, म्हणून ठेवीदार निर्धास्त झोपतो. तो झोपला की बँकेला जुगाराची हुक्की येते. जमलं तर नफा बँकेचा, फसलं तर भुर्दंड विम्याला. यावर सहा वर्षांपूर्वी नवा कायदा आला. प्रत्येक बँकेनं थोडा पैसा अशा रोख्यांतून उभा करायचा, की बँक बुडालीच तर सगळ्यांत आधी तो बुडेल. कायद्यात त्यांचं नाव अग्रहानी रोखे. तासगावानं त्यांना पहिलबुडे करून टाकलं. शंभर रुपयांपासून कोणीही मोबाइलवर घ्यावेत, विकावेत. बँकेनं मंजूर केलेलं प्रत्येक मोठं कर्ज, घेणाऱ्याचं नाव झाकून, त्याच दिवशी जाहीर होतं. ते वाचून कोणी धास्तावला तर रोखे विकतो, भाव पडतो, आणि नवा घेणारा जास्त व्याज मागतो. ते व्याज म्हणजे पाटीवरचा आकडा. तो तीन दिवस बाराच्या वर राहिला की बँकेला नवं कर्ज द्यायला बंदी.

आज दुसरा दिवस होता.

“बेदाण्याच्या नव्या शीतगृहाला बावीस कोटी,” अध्यक्ष बाबगोंडा मगदूम वैतागून म्हणाले. “तारण चोख, जुन्या शीतगृहांची तीन वर्षांची भाडी उत्तम. काल सकाळी मंजूर केलं आणि दुपारी हे लचांड. आपलीच चार माणसं लावून रोखे उचलू, आकडा येईल खाली.”

“आकडा येईल, अण्णा. पण लोकांना काय दिसलंय ते आपल्याला कळणार नाही.”

प्रमिलाताईंनी विक्रीची नोंद उघडली. नावं झाकलेली होती. गाव, वेळ आणि रक्कम तेवढी दिसत होती. मुंबईच्या बड्या मंडळींनी विकलं होतं ते दुपारी दोननंतर. त्याआधी एकशे अठरा जणांनी विकलं होतं, सगळे तासगावचे, कोणाचेच हजाराच्या वर नाहीत, आणि सगळे एक ते दीडच्या दरम्यान. गावातल्यांनी हात काढला म्हटल्यावर मुंबई बिथरली होती. एक ते दीड ही शीतगृहातल्या हमालांची जेवणाची सुट्टी, हे लक्षात आलं आणि प्रमिलाताई उठल्याच.

सांगली रस्त्यावरच्या शीतगृहात मुकादम दत्तू ऐवळे भर एप्रिलात स्वेटर घालून उभे होते. हमाल दर महिन्याला भिशीतून आपापल्या नावावर पहिलबुडे घेतात आणि ती भिशी त्यांच्याकडे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“व्हय, आम्हीच इकलं,” ते म्हणाले. “चला, दावतो.”

सात खोल्यांपैकी पहिल्या चारांत खोके छताला भिडले होते. पुढच्या तिन्हींत दिवासुद्धा नव्हता.

“नवी हवाबंद पिशवी आलीया न्हवं. बेदाणा वर्षभर घरातच टिकतोय. बागायतदार कशाला आणतोय हितं? ह्या हंगामापास्नं गळती लागलीया. आमची निम्मी माणसं घरी बसल्यात. आणि तुम्ही अजून एक बांधताय.”

तीन वर्षांच्या सरासरीत हा अंधार कुठेच नव्हता. तपासनिसांच्या अहवालात नव्हता, आणि प्रमिलाताईंच्या सव्वीस वर्षांच्या अनुभवातही नव्हता. तो पाठीवर खोके वाहणाऱ्यांना दिसला होता, आणि पाटीनं तो त्यांच्याकडून अर्ध्या तासात काढून घेऊन चौकात टांगला होता. सकाळपासून त्या पाटीवर चिडलेल्या प्रमिलाताईंना आता तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले. त्यांनी तिथूनच फोन लावला.

“अण्णा, पैसे सोडू नका. मंजुरी मागे घेतल्याचं आत्ताच्या आत्ता जाहीर करा.”

 पलीकडून “बरं” आलं.

एक वाजला. हमाल डबे घेऊन बाहेर उन्हात बसले. मोबाइल वाजले, जाहीर झालेलं एकानं मोठ्यानं वाचलं, आणि भाकरी डाव्या हातात धरून माणसं उजव्या हातानं रोखे परत घेऊ लागली. बारा पूर्णांक चार. अकरा पूर्णांक नऊ. मुंबईचे घेणारे अजून जेवून यायचे होते.

प्रमिलाताईंचा जीव भांड्यात पडला. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

“मुकादम, बँक इथून दोन किलोमीटरवर आहे. विकण्याआधी येऊन मला सांगायचं होतंत.”

दत्तू ऐवळे हसले. त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेचा काढून त्यांच्यापुढे सरकवला.

“आलो असतो की. पर खरं सांगा म्याडम, इकायच्या आधी नुसता सांगाय आलो असतो, तर मला बसा म्हणाला असता?”