बुजवलेल्या दाराची वाट

बांधकामवाले गेले तेव्हा घर नवं कोरं झालं होतं आणि घराभोवती नुसता उकिरडा उरला होता. चुन्याची ढेकळं, फुटकी कौलं, गवंड्यांनी टाकलेले चहाचे कप. लिनेट गिटिन्सनं गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले, नवऱ्याचा, क्लाइव्हचा जुना कोट अंगात घातला आणि फावडं उचललं.

क्लाइव्ह गेल्यावर तिनं श्रूसबरी शहरातलं राहतं घर विकून क्लन गावाजवळच्या टेकडीवरचं हे पडकं घर घेतलं, तेव्हा तिच्या लेकीनं, बेथननं, कपाळाला हात लावला होता.

"मम, त्या रानात एकटी? जूनमध्ये मी येऊन बघणार. बस्तान बसलेलं दिसलं नाही, तर घर विकायचं आणि आमच्याकडे यायचं. कबूल?"

"बघच तू. मी तिथून इंचभर हलणार नाही."

म्हणून जूनपर्यंत बाग हवीच होती. त्या भागात घरापुढे असते तशी : कोबीशेजारी गुलखैरा, घेवड्याच्या वेलात स्वीट पीची वासाची फुलं, सगळं कसं आपल्या मनानं उगवल्यासारखं. जुनं दार फाटकाच्या बरोबर समोर होतं. गवंड्यांनी ते बुजवून तिथे स्वयंपाकघराची खिडकी काढली होती आणि दार बाजूच्या भिंतीत नेलं होतं. लिनेटनं फाटकापासून त्या नव्या दारापर्यंत झोकदार, नागमोडी वाट आखली.

शेजारच्या प्रीसबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्या कुंपणावरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोपं द्यायच्या.

"आभार मानू नकोस हं, पोरी. रोपांचे आभार मानायचे नसतात."

"सवयच आहे हो तोंडाला. मानले तर काय होतं?"

"आमच्यात कुणी मानून बघितलेले नाहीत." मग त्यांचं लक्ष वाटेकडे गेलं. "ही काय वाकडी वाट? चालणाऱ्याला चढलीय का? वाट सरळ दाराशी जाते."

"पण ते दारच राहिलं नाही ना आता."

"ते तुला माहीत आहे," प्रीसबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

एप्रिलमध्ये सगळं रुजलं, एक पट्टा सोडून. फाटकापासून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीखालपर्यंत, माणूस चालेल एवढा रुंद. तिथली रोपं दोन दिवसांत माना टाकायची. लिनेटनं चुन्याला दोष दिला, मग गटाराच्या नळाला. दोन हात खोल खणलं. खाली स्वच्छ तांबडी माती होती आणि गांडुळं. तिनं घोड्याची लीद घातली आणि पुन्हा लावणी केली. दुसऱ्या दिवशी तो पट्टा जुन्या अंगणासारखा घट्ट आणि गुळगुळीत होता. पाऊस पडून गेला होता, तरी पाऊल कुणाचंच उमटलं नव्हतं.

मे महिन्यात पट्ट्याच्या कडेची झाडं वाढली, पण दोन्ही बाजूंना बाहेर कललेली. उभ्या पिकातून कुणी गेलं की ताटं बाजूला होतात ना, तशी. वारा नव्हता. लिनेट भ्याली, आणि भ्याल्याचा तिला भयंकर राग आला.

"बरं बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "घे तुझी वाट. पण बाग माझी."

तिनं आपली नागमोडी वाट उखडली. त्या पट्ट्यावर जुन्या विटा बसवल्या, फाटकापासून भिंतीपर्यंत, आणि दोन्ही कडांना लॅव्हेंडर लावलं. पाठ धरली, नखं तुटली. पण बाग अशी काही फोफावली की रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले.

जूनमध्ये बेथन आली. विटांच्या वाटेवर मधेच ती थबकली, बाजूच्या लॅव्हेंडरमध्ये सरकली, "सॉरी" म्हणाली आणि पुढे आली.

"सॉरी कुणाला म्हणालीस?" लिनेटनं विचारलं.

"मी? कधी?" बेथन हसली आणि बागेकडे बघतच राहिली. "मम, हरले मी. घर विकायचं नाव काढणार नाही."

ती गेल्यावर लिनेट वाटेवर उभी राहिली. तिला रडू येत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला आपण जिंकल्यासारखं वाटलं, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "थँक यू."

कुंपणापलीकडे प्रीसबाईंच्या हातातली कात्री थांबली.

"कुणाला?"

"असंच. बागेला."

"आभार मानू नकोस म्हणून तुला सांगितलं होतं गं," प्रीसबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

पुढच्या वर्षासाठीची कोवळी रोपं लिनेटनं दोन ट्रेमध्ये, स्वयंपाकघराच्या फरशीवर खिडकीखाली ठेवली होती. रोपं उजेडाकडे वळतात. सकाळी ती वळली होती, पण अर्धी डावीकडे आणि अर्धी उजवीकडे. मधून एक सरळ भांग पडला होता. भिंतीपासून जिन्याकडे.

तिनं दोन्ही ट्रे कडेला सरकवले. उगाच कुणाच्या पायात नकोत.

मग जिन्यातल्या जिरेनियमची कुंडी. तिची पानं कठड्याला चिकटली होती. तीही तिनं उचलली.

त्यानंतरच्या दिवशी लख्ख उजाडल्यावर तिला जाग आली. पलंगाची एक बाजू भिंतीला होती. दुसरी, दाराकडची, क्लाइव्हची. तिकडे ती अजून झोपत नसे. दार आणि पलंग यांच्यामध्ये स्टूल होतं, स्टुलावर स्वीट पीचा जग.

पडदा हलत नव्हता.

फुलं सगळीच्या सगळी एका अंगाला झुकली होती, पलंगाकडे यायची वाट मोकळी सोडून.

लिनेट बराच वेळ बघत राहिली. घर तिचं होतं. ते सोडून ती कुठेही जाणार नव्हती.

मग ती भिंतीकडे सरकली. इंचभर नव्हे, चांगली हातभर.