आंदणातला खडा

कडी दोनदा वाजली. इतकी हळू, की वाजवणाऱ्यालाच ती वाजायला नको असावी.

चैत्र सरत आला होता. अख्खं अमळनेर दुपारचं दारं लावून निजलं होतं. नाना, माझे वडील, पुढच्या दुकानात रेडिओच्या खोक्यांमध्ये पाय पसरून झोपले होते, आई स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर. मी तेवढी जागी, मागच्या ओसरीत ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळत बसले होते. दोनशे अकरा, दोनशे बारा... आणि कडी वाजली. मोजणी चुकली.

चिडूनच दार उघडलं. बाहेर एक उंच, घामाघूम तरुण उभा. दोन्ही हातांत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी असं धरलेलं, की मला वाटलं तान्हं मूलच आहे.

"पुढचं दुकान बंद होतं," तो म्हणाला. "नाना मिस्तरी इथेच ना?"

"निजलेत. तासाभराने उठतील."

"मग थांबतो." आणि तो खरंच तिथेच थांबला, भर उन्हात.

"उन्हात थांबणार?"

"तुम्ही सावलीत बोलावलंत तर सावलीत."

मी बाजूला झाले. त्याने गोधडी उलगडली, तर आत लाल रंगाची गिटार. मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. त्यात ही भलतीच. हिला पोटच नव्हतं. नुसती लाकडी फळी.

"हिच्यातून आवाज येतो कुठून?" मी विचारलं.

"तेच नवल आहे. तार इथे हलते आणि आवाज पार तिकडच्या खोक्यातून निघतो. चार वर्षं वाजवतोय, अजून कळलं नाही."

"त्यात काय नवल?" मी तारांखालच्या काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "आत चुंबक असेल, त्याभोवती बारीक तार. रोज गुंडाळते मी."

तो माझ्याकडे बघतच राहिला... आणि मला उगाच ताठ झाल्यासारखं वाटलं. हा ताठा पुढे चांगलाच अंगाशी यायचा होता.

त्याचं नाव अभिमन. पिंपळनेरचा, शेतकऱ्याघरचा. आमच्या गावच्या लोटनभाऊंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. नाना उठल्यावर त्याने डावा हात पुढे केला. तीन बोटांची टोकं गुलाबी, गुळगुळीत, नवी कातडी आलेली. हिवाळ्यात घरच्या गुऱ्हाळावर कढईतला झारा सुटला, तो धरायला गेला आणि बोटं काकवीत गेली. आता लोखंडी तार दाबली की कातडी चिरायची. डॉक्टरने सांगितलं होतं, ह्या तारा सोड. म्हणून त्याने मुंबईहून नायलॉनच्या तारा मागवल्या होत्या. मऊ, मासेमाराच्या दोरीसारख्या. त्या ह्या गिटारीला बसवून हव्या होत्या.

नानांनी विचारलं, नायलॉनच्या तारांची पोटाची गिटार मिळते, ती का नाही घेत? तो म्हणाला, मैदानात ढोलकीपुढे ती ऐकू जात नाही आणि माईक लावला की भोंगा शिट्टी मारतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी कार्यक्रम होता, नऊ दिवसांवर. तोवर गिटार वाजली तर ठीक. नाही तर लोटनभाऊ दुसरा गडी घेणार होते आणि अभिमन सुरतेला मामाकडे, कापडाच्या लूमवर कामाला.

नानांनी पहिल्याच दिवशी त्याचं गाव, कूळ, सोयरे सगळं विचारून घेतलं. ती त्यांची सवयच. पण त्या दिवशी मी दाराआड थांबून ऐकलं... ती माझी सवय नव्हती.

नानांचे हात तेव्हा कापायला लागले होते, म्हणून बारीक काम माझ्याकडे आलं. नायलॉनच्या तारा जाड. गिटारच्या मानेवर तारा टेकतात त्या पट्टीच्या खाचा मी कानशीने रुंद करायची आणि तो फुंकर घालून भुसा उडवायचा. फुंकर भुशावर असायची — निदान बहुतेक वेळा. लोखंडी तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, तो अडकतो म्हणून तार धरून राहते. नायलॉनला तसं काहीच नव्हतं. मग जुन्या तारांचे मणी सोडवून मी नव्या तारांत ओवले, गाठी मारल्या. आई सूप घेऊन शेजारून गेली आणि थबकली.

"मनी ववाले बठनी का व?" ती म्हणाली. "पहिले लगीन तं ठरू दे."

माझ्या हातातला मणी घरंगळला. अभिमन तो शोधायला खाटेखाली शिरला आणि चांगला वेळ बाहेरच आला नाही.

आखाजीला चार दिवस उरले असताना सहाही तारा चढल्या. ओसरीसमोरच्या लताबाई काकू पापडांचं पीठ तसंच टाकून बघायला आल्या. नानांनी ॲम्प्लिफायरचं खोकं चालू केलं. अभिमनने तार छेडली.

काही नाही.

घूं... असा विजेचा आवाज तेवढा. तारा हलताना दिसत होत्या, थरथरत होत्या, आणि खोकं गप्प. जसं एखाद्याने तोंड उघडून बोलावं आणि आपल्यालाच बहिरेपण यावं.

नाना म्हणाले, खोकं बिघडलं. दोन दिवस त्यांनी ते खोललं, प्रत्येक सांधा तपासला. मीही त्यांच्याबरोबर वाकले होते. अभिमन उंबऱ्यावर बसून राहायचा. दुसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, शनिवारची सुरत गाडी आहे. मी म्हटलं, बरं. आणि डोळे जोडकामातल्या राळेच्या धुराने चुरचुरले, असं आईला सांगितलं.

त्याच दुपारी गिटार मांडीवर घेऊन मी नुसती बसले होते. पदराची पिन सुटली. खाली पडली नाही... ती तारांमधून गेली आणि टक्कन त्या काळ्या पट्टीला चिकटली.

मी पिनेकडे पाहत राहिले. मग नायलॉनचा एक उरलेला तुकडा पट्टीवर धरला. तो लोंबला नुसता. जाड तारांवरचं चकचकीत वेष्टणही लावून पाहिलं. तेही तांब्याचं. चुंबकाला त्याचं काहीच नाही.

चुंबक फक्त लोखंड ओळखतं. हे मला सातव्या वर्षापासून माहीत होतं. नानांना चाळीस वर्षांपासून. आणि चुंबकं, तारा उशाशी घेऊन झोपणारं आमचं घर दोन दिवस निरोगी खोकं कापत बसलं होतं.

मी सांगितलं तेव्हा नानांनी कपाळावर हात मारला. अभिमन मात्र हसला, त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, "म्हणजे ती मुकी नाही. आपलं ऐकणारंच चुकीचं होतं."

पण मग ऐकणार कोण? लोखंड नको, चुंबक नको. नुसती थरथर ऐकणारं काहीतरी...

ते कुठे आहे, हे मला माहीत होतं. नानांनाही. आम्ही दोघांनीही कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं नाही.

तिथे जुन्या लुगड्यात बांधलेला रेकॉर्ड प्लेयर होता. नानांनी सागवानी खोकं घडवून, एकेक भाग जमवत तीन वर्षांत केलेला. माझ्या आंदणासाठी. त्याच्या सुईमागे एक खडा असतो, नखाएवढा, मिठाच्या खड्यासारखा. सुई थरथरली की खडा दबतो आणि दबला की त्यातून वीज निघते. कोणी गुंडाळत नाही, कोणी भरत नाही. दाबलं की निघते. लहानपणी नानांनी मला तो पहिल्यांदा दाखवला होता, तेव्हा मी देवापुढे जोडावेत तसे हात जोडले होते.

स्टूल ओढून मी चढले. लुगडं सोडलं. नाना बघत होते. मी मागे वळून म्हटलं, "नाना, हा काढू?"

अभिमनने विचारलं, हा कुणाचा आहे? मग नानांनी पेटीतला सर्वांत लहान पेचकस शोधला आणि माझ्या हातात दिला.

खड्याला उष्णता सोसत नाही. त्याला तार जोडायला कथिलाचा डाग देताना जरा जास्त तापला तर कायमचा मरतो. आणि दुसरा खडा नव्हता. मी अभिमनला चिमटा दिला, म्हटलं, तार इथे धरा, म्हणजे आच खड्यापर्यंत न जाता चिमट्यात येईल.

"आणि चिमट्यातून?"

"तुमच्या बोटांत."

"मग येऊ दे," तो म्हणाला.

त्याने डाव्या हातानेच धरलं. मी डाग दिला. एक, दोन, तीन... धूर वर आला. त्याच्या जबड्याची शीर ताठ झालेली मला दिसत होती. चिमटा हलला नाही. मी फुंकर घातली — आधी डागावर, मग, कोणी बघत नाही असं समजून, त्या तीन बोटांवर.

तारा खाली जिच्यावर टेकतात, त्या घोडीखाली खडा चिकटवला. गोंद वाळायला पूर्ण दिवस दिला.

आखाजीची सकाळ. मागच्या गल्लीत झोके बांधले होते, माहेरी आलेल्या मुली गात होत्या. नाना पुढे दुकानात होते. खोकं ओसरीत दाराशी ठेवलेलं. मी कळ दाबली. अभिमनने एकच तार छेडली.

काय सांगू... तो तारेचा आवाजच नव्हता. लाकडाच्या आतून कुणीतरी बोलल्यासारखा, गोल, ओलसर. झोके थांबले. गल्लीत झोपलेलं कुत्रंही उठून बसलं. त्याने दुसरी छेडली, तिसरी. मग त्याने नुसतं बोट फळीवर टेकवलं, तर तेही ऐकू आलं. नखाचा स्पर्श ऐकू आला. एवढासा तो खडा, आणि त्याला सगळं कळत होतं. मी भीत भीत बोट पुढे केलं, गिटारच्या कडेला एकदा टक केलं. खोक्यातून आलं, टक. त्याने पलीकडून उत्तर दिलं, टक टक.

असं आम्ही किती वेळ बोललो, कोण जाणे.

मग तो गिटारवर वाकला. हनुवटी लाकडाला टेकवली आणि माझ्याकडे बघत अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "प्रमिला... माझ्याबरोबर येशील?"

आम्ही दोघंही विसरलो होतो. खडा विसरला नव्हता. दाराशी ठेवलेल्या त्या खोक्यातून घोगरा, मोठ्ठा आवाज गल्लीत गेला — येशील?

अभिमनचं तोंड गिटारपेक्षा लाल. आणि मग समोरून लताबाई काकू, झोक्याची दोरी धरून:

"बठ्ठी गल्लीनी ऐकी लिधं व माय. आते तरी हा म्हन."

मी काही म्हणणार तोच नाना आतल्या दारात उभे दिसले. अभिमन गिटार घेऊन उभा राहिला. म्हणाला, "नाना, तुमचा खडा मी... काढून देतो. कार्यक्रमानंतर."

नानांनी गिटारच्या घोडीवर हात फिरवला. कापणारा हात, खोक्यातून तो कंपही ऐकू आला.

"काढू नका, अभिमनभाऊ," ते म्हणाले. "आंदणातली वस्तू आहे ती. जिथे ती जाते, तिथे मुलगी जाते. आमच्याकडे तशीच रीत आहे."

मी हो म्हणाले का, हे मला नेमकं आठवत नाही. अभिमन म्हणतात, मी म्हणाले होते, फार हळू, पण त्यांनी ऐकलं. संध्याकाळचा कार्यक्रम झाला. सुरतेची गाडी त्यांच्याशिवाय गेली.

परवा ते धुळ्याला कार्यक्रमासाठी गेले, तेव्हा मी हे सगळं आमच्या लेकीला, चारुला सांगितलं. पाच वर्षांची आहे. तिला प्रत्येक गोष्ट शेवटापर्यंत लागते. तिने झोक्यांचं विचारलं, कुत्र्याचं विचारलं. माझ्या बांगड्या मागे-पुढे सरकवत राहिली आणि एकदम मान वर करून म्हणाली,

"आई, तो खडा तापून मेला असता, तर मग मी कोणाकडे आले असते?"