उणे बारा

+२२ (चर्चच्या पायरीपासून शाळेपर्यंत)

माझा मदतनीस बोटीतच आडवा झाला होता... सकाळपासून ओकत. मी पायरीवर उंची मोजायची दुर्बीण मांडून ओरडले, "कुणीतरी पट्टी धरा रे!"

"मी धरतो. पण पाय धुतले नाहीयेत."

आपिनेलु. सहा वर्षं जहाजावर काढून दोनच दिवसांपूर्वी परतलेला, आणि आल्या आल्या पुलाकाच्या, म्हणजे आमच्या अळूच्या कंदांच्या, खड्ड्यात उतरलेला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"पट्टी सरळ धरायची. पायांचं मी बघत नाही."

"मग खाली काय बघतेयस?"

−७७ (शाळेपासून आपिनेलुच्या घरच्या पुलाकाच्या खड्ड्यापर्यंत)

"चढ अधिक, उतार उणे," मी सांगत होते. "बेटाला फेरी मारून परत पायरीवर आलं की सगळ्याची बेरीज शून्य."

"एवढं उन्हात फिरून शून्य?"

"शून्य आलं तरच माझं काम खरं."

आणि ते आज दुपारीच खरं ठरायला हवं होतं. पाण्याची टाकी सगळ्यात उंच जागी बांधायची – बेटाच्या आमच्या बाजूला शाळेजवळ, की आपिनेलुच्या बाजूला समुद्राच्या बांधावर? सभाघरात वडीलधारे थांबले होते. माझं गणित चुकलं तर बाहेरची कंपनी बोलावणार. 'सुवाच्या कॉलेजात शिकून आली म्हणे', हे वर ऐकायचं.

+७२ (खड्ड्यापासून बांधापर्यंत)

खड्ड्याच्या काठावरच्या दगडावर त्याला पट्टी धरायला लावून मी दुर्बीण पुढे नेली.

"पट्टी दगडावरच आहे ना?"

"आहे!"

दुर्बिणीत फक्त पट्टी दिसते. आणि... पट्टीवरची बोटं.

−२९ (बांधापासून पुन्हा पायरीपर्यंत)

बेरीज: उणे बारा.

तीनदा केली. उणे बारा सेंटिमीटर.

माझे काका वहीत डोकावले. "शेवटचा उतार सतरा लिही. जुळलं! टाकी आपली."

"काका, मी आकडे लिहीत नाही, मोजते."

मग मी आपिनेलुकडे वळले. "खरं सांग. दगडावरून हललास?"

त्याने मान खाली घातली. "सुनेमा आत्या आली... आणि त्याच दगडावर बसली."

"मग?"

"मग काय! आत्याला ऊठ म्हणू? मी शेजारच्या, जरा उंच दगडावर धरली. तू दगड म्हणालीस, कुठला ते नाही विचारलंस."

हसू की रडू... आमच्या बेटावर बसलेल्या थोरामोठ्यांना कुणीच ऊठ म्हणत नाही. मीसुद्धा नाही.

+८४ (तेच अंतर, पुन्हा)

आत्या अजून तिथेच होती. मीच वाकून तिच्यापुढे बसले. "आत्या, या दगडाचं थोडं काम होतं."

"सांगायचं की मघाशीच! हा मेला नुसता वाकून हसत होता."

या वेळी पट्टी मी माझ्या बाबांच्या हातात दिली. मुद्दाम.

चौऱ्याऐंशी. बावीस, उणे सत्त्याहत्तर, चौऱ्याऐंशी, उणे एकोणतीस...

शून्य.

आणि बांध शाळेपेक्षा सात सेंटिमीटर उंच. टाकी त्यांची.

०

सभाघरात मी आकडे वाचले. आमच्याच बाजूने आवाज आला, "सकाळी त्या पोराबरोबर फिरली, दुपारी टाकी त्याच्या दारात!"

कान तापले. पण मी वही मिटली नाही.

बाबा बोलले. बसूनच, सावकाश. "पट्टी मी धरली होती. टाकी माझ्या बाजूच्या हातून गेली. पण आकडा माझ्या मुलीचा आहे. बाहेरची कंपनी कशाला हवीय तुम्हाला?"

सगळ्यात म्हाताऱ्याने मान डोलावली, आणि माझी वही हातोहात सभाभर फिरू लागली – ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनीही ती नीट निरखून पुढे दिली.

आपिनेलु वाकून, सरकत सरकत माझ्या चटईशी आला.

"टाकी आमच्याकडे... म्हणजे पाण्याला रोज येणार तू?"

"येईन की."

"रोज एवढं लांब... त्यापेक्षा तिकडेच राहायला आलीस तर?"

आवाज मी अगदी सरळ ठेवला.

"मला कानात काय सांगतोस? माझ्या बाबांना विचार. सगळ्यांसमोर."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सभेच्या मधोमध जाऊन बसला, आणि खणखणीत आवाजात माझ्या बाबांचं नाव घेतलं.