निळी आरामखुर्ची

“हेरंब्या, डिंक कुठाय?”

बकुळाने डबा उलटा करून आपटला. आत थेंबही नव्हता.

“संपला,” हेरंब म्हणाला. “चाळभर पोस्टरं मीच लावली ना? ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ काय थुंकीनं चिकटवू?”

“अरे, पण डिंकाशिवाय रंग कसा धरेल?”

“धरेल गं! चुना आहे, नीळ आहे. कालवायचं नि फासायचं!”

मे महिन्याची सुट्टी होती आणि नायगावच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, बकुळा, शेजारचा हेरंब आणि शेवंती अशा तिघांचा कारखाना जोरात चालला होता. बकुळाचे बाबा, दत्ताराम, गिरणीत साचावाले, म्हणजे मागावरचे कामगार. सत्याग्रहात पकडले गेले ते आज संध्याकाळी सुटून येणार होते आणि चाळीच्या पटांगणात सुटून आलेल्यांच्या सत्काराची सभा होती. पण मोर्चात गुडघ्यावर लाठी बसल्यापासून त्यांचा पाय वाकतच नव्हता. सगळी चाळ जमिनीवर बसायची, जमिनीवर जेवायची. मग बाबांनी काय दिवसभर उभं राहायचं? म्हणून बकुळाने माळ्यावरची आरामखुर्ची खाली काढली होती. तिचं कापड कधीच फाटलं होतं. उरला होता नुसता सांगाडा.

कापडाचं काम समोरच्या खोलीतल्या शेवंतीकडे. तिची आई, रखमाबाई, लोकांच्या गोधड्या शिवायची, त्यामुळे शेवंतीचा हात सुईवर बसलेला. तिने बकुळाच्या आईच्या जुन्या लुगड्याचे तीन पदर एकावर एक घालून दाट टाके मारले आणि दोन्ही टोकांना दांडा जाईल एवढी नळी शिवली.

“खालचा दांडा आहे. वरचा कुठाय?” शेवंतीने विचारलं.

बकुळा आत गेली आणि एक अर्धी काठी घेऊन आली. बाबांच्या झेंड्याची काठी! लाठीमारात मोडली होती ती. आईने रस्त्यावरून उचलून आणून देवाच्या फळीमागे ठेवली होती. काठी नळीत सरकवली तर बरोबर बसली.

मग हेरंबने चुन्यात नीळ कालवून सगळा सांगाडा निळाभोर केला. रंग वाळला, आणि हात लावावा तर बोटंही निळी!

“बघ! सांगत होते ना मी!” बकुळा चिडली.

“असू दे गं. तुझे बाबा काय रंग चाटणार आहेत?”

तिघं जेवायला गेले. परत येऊन बघतात तर काय, गॅलरीत खुर्चीच नाही!

बकुळा रडत बसणारी मुलगी नव्हती. तिने वाकून पाहिलं. कठड्यावर निळा डाग होता. जिन्याच्या वळणावर भिंतीला निळा फराटा होता. खाली दाराच्या चौकटीवर आणखी एक!

“हेरंब्या, तुझा कच्चा रंग वाट दाखवतोय!”

डाग जाऊन पोचले चाळीच्या मंडळाच्या खोलीपाशी. दारातच मंडळाचे सेक्रेटरी राजारामभाऊ उभे. गडी वाईट नव्हता, पण ‘कार्य’ म्हटलं की त्यांना माणसं दिसेनाशी व्हायची.

“काका, आमची आरामखुर्ची पाहिली?”

“कुठली खुर्ची? पळा, उन्हात फिरू नका!”

आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर, अगदी मधोमध, निळा पट्टा! खुर्ची डोक्यावर घेऊनच आणली होती की! हेरंबला हसू फुटणार तोच शेवंतीने त्याला करकचून चिमटा काढला.

तिघं मागच्या खिडकीखाली जाऊन बसले. आत राजारामभाऊ लाउडस्पीकरवाल्याला सांगत होते, “चादरीखालची खुर्ची अध्यक्षांसाठी. स्टेजच्या मधोमध. सुटून आलेले सत्कारमूर्ती खाली, सतरंजीवर.”

“सतरंजीवर?” बकुळाचे कान तापले. “बाबांचा गुडघा वाकत नाही हे सगळ्या चाळीला ठाऊक आहे. बाबांची खुर्ची नेऊन बाबांनाच खाली बसवणार?”

“वरचा दांडा अर्धा सरकवून ठेवू या,” हेरंबचे डोळे चमकले. “अध्यक्ष बसले की धपकन!”

“नाही! पाहुण्यानं काय घोडं मारलंय? पडायचं कुणी नाही. पण बसायचंही कुणी नाही.”

संध्याकाळी पटांगण भरलं. दत्ताराम आले. हाडकले होते, दाढी वाढली होती. बकुळाने धावत जाऊन त्यांना मिठी मारली. राजारामभाऊंनी लगबगीने सतरंजी दाखवली. “बसा, बसा.” दत्ताराम हसून म्हणाले, “माका ह्यो खांबच बरो.” आणि खांबाला टेकून उभे राहिले. बकुळाने ते पाहिलं. आता माघार नाही!

तेवढ्यात हेरंब माइकवर चढला. “हॅलो! हॅलो! एक, दोन, साडेतीन!”

“अरे ए, उतर खाली! कोणाचं कार्टं ते?” राजारामभाऊ धावले. लाउडस्पीकरवालाही धावला. इकडे स्टेजवरच्या स्वागतगीताच्या मुलींमधून बकुळा आणि शेवंती हळूच मागे सरकल्या. शेवंतीने चादर उचलून धरली, बकुळाने दोन्ही दांडे ओढून काढले, कापड घडी करून काखेत मारलं. चादर परत जागेवर!

“अध्यक्षांनी आसन ग्रहण करावं!” राजारामभाऊ गरजले आणि मागे न बघताच त्यांनी चादर ओढली.

नुसता निळा सांगाडा! पटांगणात खसखस पिकली.

“कापड... कापड कुणी नेलं?”

“मी!” बकुळा स्टेजवर उभी होती. तिने हातातली काठी उंच धरली. “कापड आईच्या लुगड्याचं आहे, शिवलंय शेवंतीनं. ही काठी बाबांच्या झेंड्याची आहे. न विचारता खुर्ची नेलीत ती नेलीत, वर आम्हाला म्हणालात, कुठली खुर्ची!”

“खोटं! मी हातसुद्धा लावला नाही!”

“हात नसेल, काका,” हेरंब पुन्हा माइक पकडून बोलला. “डोकं लावलंत. टोपी काढून बघा!”

राजारामभाऊंनी टोपी काढली आणि पाहतच राहिले. आता मात्र हास्याचा स्फोट झाला. कुठूनतरी चाळीतल्या पोरांनी आरोळी ठोकली, “आमची खुर्ची मिळालीच पाहिजे!”

अध्यक्ष होते गिरणीतले जुने पुढारी भिवाअण्णा. ते हसले नाहीत. स्टेजवरून उतरले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

“राजाराम,” ते म्हणाले, “लाठी यानं खाल्ली आणि खुर्ची मला? या पोरांना कळलं ते आपल्याला कळू नये?” मग बकुळाकडे वळून म्हणाले, “शाब्बास, पोरी! आपलं आहे ते आपलंच, हे असंच उभं राहून सांगायचं असतं.”

राजारामभाऊंची मान खाली गेली. त्यांनी स्वतः खुर्ची उचलून खाली आणली. “चुकलो, दत्ताराम,” ते पुटपुटले.

शेवंतीने नळी ताणून धरली. बकुळा काठी सरकवणार तोच बाबांनी तिचा हात धरला. काठीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, “ही माझी मां गो?”

“हो, तुमचीच. आईनं जपून ठेवलेली.”

काठी दत्तारामांनी स्वतःच्या हाताने सरकवली, दुखरा पाय लांब सोडला आणि टेकून बसले. कित्येक महिन्यांनी नीट बसले.

रात्री घरी आल्यावर बकुळाच्या आईने, राधाबाईंनी, पाहिलं तर नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याला निळे पट्टे! बाह्या निळ्या, पाठ निळी!

“अगो बाय माझे! काढा तो, भिजत घालते.”

“डिंक याने संपवला!” बकुळाने सोबत आलेल्या हेरंबकडे बोट दाखवलं.

पण दत्तारामांनी सदरा काढलाच नाही.

“ऱ्हवांदे,” ते म्हणाले. “उद्या ह्योच घालून गिरणीच्या दारावर जातलंय. कोणी विचारल्यान, तर सांगेन, माझ्या पोरांचो रंग आसा.”