शहरातलं एकमेव पोट

त्र्याण्णव साली बरकतपुऱ्याच्या त्या घरात दोन नव्या गोष्टी आल्या. गच्चीवरून केबलची तार आणि हिम्मतरावांच्या पोटात दुखणं. केबल गल्लीत सगळ्यांकडेच होती. दुखणं मात्र एकट्या हिम्मतरावांचं.

आतडी धरून ठेवणारा जो आतला पडदा असतो, तो त्यांचा सुजून कडक होत चालला होता. नारायणगुड्याच्या डॉक्टर सत्यवती तेलुगू अदबीनं म्हणाल्या, "हिम्मतरावगारू, वीस वर्षांत असा पहिलाच पेशंट बघते मी."

जन्मभर बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला पहिला असं कुणी म्हटलं नव्हतं. नव्या परदेशी मशीनवर काढलेली फिल्म त्यांनी बैठकीच्या खिडकीला चिकटवली. पाहुण्याला चहाच्या आधी पोट दाखवायचे. हा धुरकट गोळा म्हणजे सूज. हा कमरेतला पांढरा ठिपका म्हणजे लहानपणी नांदेडला चुलतभावानं मारलेला छर्रा.

कळ आली की माणूस दुमडून जाई, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंड भोपळ्याएवढं झालं. पण लग्नाच्या पंगतीत पद्मावतीबाई मऊ भाताचा डबा उघडून शेजारी बसत आणि प्रत्येक घास पोटात गेला की नाही ते बघत. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे एवढं प्रथमच पाहिलं होतं.

दसऱ्याला वरच्या मजल्यावर एकनाथराव नावाचे विधुर भाडेकरू आले. दिवाळीत त्यांचं पोट दुखलं. निदान तेच निघालं.

"नक्कल करतोय," हिम्मतराव म्हणाले.

दुखण्याची कुणी नक्कल करतं होय, म्हणत पद्मावतीबाईंनी मूठभर तांदूळ जास्त टाकले आणि डबा वर नेला. रोजच नेऊ लागल्या. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला सत्यवतीबाईंनी आता हिम्मतरावांऐवजी एकनाथरावांना बोलावलं. हिम्मतरावांच्या पोटात आग पडली, पण ती सुजेची नव्हती.

दुखणं टिकावं म्हणून त्यांनी ताटभर तिखटजाळ मिर्ची का सालन खाल्लं. काही झालं नाही. झोप छान लागली.

पुढच्या तपासणीत सत्यवतीबाई हसून म्हणाल्या, सूज पूर्ण गेली, नशीबवान आहात. घरी येऊन ही बातमी हिम्मतरावांनी दोनदा सांगितली. पद्मावतीबाई डब्याचं झाकण लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिम्मतराव वर गेले. दाराशी चपला काढल्या, डावीचा पट्टा सुटला होता. एकनाथरावांनीही फिल्म खिडकीला चिकटवली होती. धुरकट गोळा होता. एकनाथरावांचा चेहराही आता चांगला भोपळ्यासारखा झाला होता.

फिल्ममध्ये कमरेत एक पांढरा ठिपका होता.

"हे काय?"

"छर्रा," एकनाथराव म्हणाले. "लहानपणी नांदेडला. चुलतभावानं मारला."

हिम्मतराव तसेच खाली आले. खिडकीतली त्यांची फिल्म स्वच्छ होती. गोळा नव्हता. ठिपकाही नव्हता.

त्यांनी कमर चाचपली. पन्नास वर्षं बोटाला लागणारी ती बारीक गाठ लागली नाही.

पद्मावतीबाई स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या. त्यांना बघून थबकल्या. पदर सावरला आणि परक्या माणसाला द्यावी तशी खुर्ची पुढे केली.

"बसा ना एकनाथराव. हे येतीलच खाली, गोळीची वेळ झालीय."

जिन्यावर चपला वाजू लागल्या. डाव्या चपलेचा सुटलेला पट्टा प्रत्येक पायरीवर फटफटत होता.

हिम्मतरावांनी खाली पाहिलं. ते अनवाणी होते.