मेलेली टाकी

"फौजदार, धावा! टाकी मेली!"

पोलिसातून निवृत्त झाल्यावर फौजदार या कापड रंगवण्याच्या कारखान्यात सुरक्षाप्रमुख होता. टाकी कशी मरते, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. फाटकापर्यंत वास सुटला होता. सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू मालकांच्या धाकट्या सुनेने पोटच्या पोरांसारखे वाढवले होते. कुणीतरी ड्रमभर ब्लीच ओतून ते सगळे मारले होते.

आणि आजच प्रमाणपत्रवाले तपासायला यायचे होते! कारखान्याची पर्यावरण व्यवस्था धाकटीने एकटीने उभी केलेली. प्रमाणपत्र मिळालं की कारभार तिच्या हाती, असं मालकांनी सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलेलं. म्हातारा मनाने चांगला, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

फौजदार भिंतीमागे गेला. पाणी ओढ्यात सोडणारी झडप एरवी उघडी असे. आज ती घट्ट बंद होती. त्याने ती तशीच ठेवली आणि कुणाला काही बोलला नाही.

आधी रंगमास्तर.

"मास्तर, धाकट्या ताईंवर राग आहे?"

"आहेच! कालची पोर मला विचारते, रंग किती सांडला? पण मी त्या टाकीकडे फिरकतसुद्धा नाही."

मग धाकटीची थोरली जाऊ, ब्लीचचं कोठार सांभाळणारी.

"वहिनी, कोठाराची किल्ली?"

"खिळ्याला. सगळ्यांना ठाऊक आहे. एवढी वर्षं राबले, सासऱ्यांनी साधं 'बरं केलंस' म्हटलं नाही. मी ओतलं असतं ना, तर पार ओढ्यापर्यंत पोचवलं असतं. बसली असती मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवत!"

टाकीपाशी धाकटी सुन्न उभी होती. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

"किती राबली हो ही," तो म्हणाला. "नशीब, पाणी ओढ्यात तरी गेलं नाही. नाहीतर हिलाच आत टाकलं असतं."

"गेलं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचा हात खाली आला.

"झडप बंद आहे, हे मी अजून कुणालाच सांगितलं नाही," फौजदार म्हणाला. "ज्याला ताईंचं वाटोळं करायचं होतं, त्याने ती उघडीच ठेवली असती. ही ज्याने लावली, त्याला ताई हरायला हव्या होत्या, पण तुरुंगात जायला नको होत्या. असा माणूस इथे एकच आहे, धाकटे साहेब."

"मग काय करू?" तो एकदम ओरडला. "जेवताना बाबांच्या तोंडी हिचंच नाव! कामगार हिचंच ऐकतात! मी कोण? मॅडमचा नवरा! अगं, तू हरली असतीस तर मी सांभाळलं असतं ना तुला."

फाटकाशी गाडी थांबली. पाहुणे उतरले.

"ड्रम कलंडला म्हण," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "प्रमाणपत्र वाचेल. घरातली गोष्ट घरात राहील."

धाकटीने डोळे पुसले आणि ती फाटकाकडे गेली.

"या. आधी टाकी बघा. ती माझ्या नवऱ्याने मारली आहे. तसंच लिहा."