आजोबांच्या खोलीतला गुप्तहेर

"अडखळलास. दे पुस्तक," देविकाने हात पुढे केला.

तिचा मित्र असलेल्या गौतमने नाक मुरडत 'अदृश्य सर्व्हर' तिच्या हवाली केलं. लालबागच्या वाचनालयातून पुस्तक त्यानेच आणलं होतं, पण नियम म्हणजे नियम. प्रत एक आणि वाचणारे तिघं. तेव्हा मोठ्याने वाचताना जो अडखळेल, त्याने मुकाट्याने पुस्तक पुढच्याला द्यायचं. मे महिन्याची सुट्टी, शिवाजी पार्काजवळचं देविकाच्या आजोबांचं घर आणि असलं जबरदस्त पुस्तक! उपग्रह काय, चोरून ऐकणारे फोन काय, आणि अख्ख्या गुप्तहेर संस्थेला पुरून उरणारी ती इन्स्पेक्टर शेवंती! तिच्यावर तर तिघांचाही जीव जडला होता.

शरदचंद्र आजोबांनी मात्र कालच निकाल दिला होता. "रद्दी आहे ही. त्यापेक्षा पाढे म्हणा."

"पण आज आजोबा फिरायला का गेले नाहीत?" देविकाच्या धाकट्या भावाने, अनिमेषने विचारलं.

खरंच की. कट्ट्यावरच्या मित्रांनी खालून हाका मारल्या, तरी आजोबांनी ओ दिली नव्हती. आजी गिरगावला बहिणीकडे गेली होती आणि आजोबांच्या खोलीचं दार आतून बंद होतं. तिघांनी दाराला कान लावले.

"कॅमेरा के सामने से हिलना नहीं," आत टॅबवर कुणीतरी दरडावत होतं. "केस सीक्रेट एजन्सी के पास है. पूरा पैसा अभी सरकारी खाते में डालो. घर में किसी को बोला तो अरेस्ट."

"साहेब, वो बीवी के घुटने के ऑपरेशन का पैसा है," आजोबांचा आवाज कापत होता.

अनिमेषचे डोळे चमकले. "आजोबा गुप्तहेर आहेत?"

"गप रे मेल्या," गौतम कुजबुजला. "गुप्तहेर असा रडवेला होतो काय?"

देविका भराभर पानं उलटत होती. "सापडलं. शेवंती काय म्हणते ऐका. 'खरा गुप्तहेर आपली ओळख सांगत फिरत नाही. भीती दाखवून जो घाई करतो, तो चोर समजावा.'"

आता काय करायचं, हेही शेवंतीनेच शिकवलं होतं. शत्रूशी भांडत बसायचं नाही, त्याचा सिग्नल तोडायचा. देविकाने धावत जाऊन हॉलमधल्या वाय-फायची वायर उपटली.

खटकन दार उघडलं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले आजोबा घामाघूम झाले होते. "नेट गेलं. लावा लवकर, नाहीतर मला अटक होईल. शिक्का मारलेलं पत्र दाखवलंय त्यांनी."

"शिक्का तर आम्ही बटाट्याचाही करतो, आजोबा," गौतम म्हणाला. देविकाने शेवंतीचं ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं.

तेवढ्यात आजोबांचा फोन वाजला. पुन्हा तोच माणूस! आजोबांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. मग फोन उचलून, सरकारी नोकरीत असताना काढायचे तसा करडा आवाज काढला. "जे काय असेल ते लेखी कळवा."

फोन कापून त्यांनी तो देविकाच्या हातात दिला. देविकाने लगेच १९३० नंबर लावून सायबर पोलिसांना सगळं कळवलं. आजीचे पैसे वाचले होते.

संध्याकाळी पार्काच्या कट्ट्यावर आजोबांनी सगळ्या मित्रांसमोर सांगितलं, "जन्मभर शिक्के मारले मी, पण खोटा शिक्का ओळखला तो या पोरांनी. आणि हो, त्या पुस्तकाला रद्दी म्हणालो, ते शब्द मागे घेतो."

मग चष्मा सावरून त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि ते पान मोठ्याने वाचायला लागले. "भीती दाखवून जो..." इथवर आले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले. पुढचे शब्द उमटेचनात.

अनिमेष त्यांना अगदी चिकटून बसला आणि त्याने हळूच हात पुढे केला.

"अडखळलात, आजोबा. द्या पुस्तक."